रविवारी पुसलं, बुधवारी पुन्हा वास

"काकू, नमस्कार. मी सुदामा नगरात राहते. घरात आम्ही दोघं, दोन मुलं आणि ७२ वर्षांच्या सासूबाई. फ्रिज नऊ वर्षांचा, एका दाराचा. दर रविवारी मी तो आतून पुसते आणि बुधवारी दार उघडलं की भपकारा येतोच. अर्धं लिंबू ठेवून झालं, सोड्याची वाटी झाली, कोळसासुद्धा झाला. सासूबाई काही टाकू देत नाहीत. दोन चमचे भाजी उरली तरी ती वाटीत जाते आणि वाटी फ्रिजमध्ये. सायीचं पातेलं तर पंधरा-पंधरा दिवस असतं. 'उकळून घेतलं की झालं' हे त्यांचं नेहमीचं. गेल्या महिन्यात धाकट्याला उलट्या-जुलाब झाले. डॉक्टरांनी विचारलं, काही शिळं खाल्लं होतं का, आणि आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो. सासूबाईंचं इन्सुलिनही याच फ्रिजमध्ये असतं, बर्फाच्या कप्प्याखालच्या ट्रेमध्ये. मिस्टर म्हणतात, नवा दोन दारांचा घेऊन टाकू. सासूबाईंना न दुखावता हे कसं आवरू?
— एक वाचक, इंदूर"

काकू म्हणालीस, म्हणून मी सरळ अगं-तुगंवर येते.

सगळ्यात आधी इन्सुलिन. हे वाचणं बाजूला ठेव, ऊठ आणि ते त्या ट्रेमधून काढ. एका दाराच्या फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याच्या लगेच खालची जागा सगळ्यात गार असते. तिथे कधी कधी पाणीसुद्धा गोठतं. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांमध्ये राहायला हवं आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन नंतर वितळलं तरी वापरायचं नसतं. दिसायला ते बऱ्याचदा पूर्वीसारखंच दिसतं, म्हणून फसायला होतं. गोठल्याचा थोडा जरी संशय असला तर ते वापरू नकोस, नवं आण. झाकणाच्या एका छोट्या डब्यात घालून ते मधल्या फळीवर पुढच्या बाजूला ठेव, मागच्या भिंतीला टेकवू नकोस. दारातही नको, दार दिवसातून पन्नास वेळा उघडतं. डब्यावर मोठ्या अक्षरात 'आजीचं औषध' लिही, म्हणजे मुलं चॉकलेट शोधताना तो हलवणार नाहीत.

आता वासाकडे वळू.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. लिंबू, सोडा, कोळसा, रविवारचं पुसणं, सगळं आहे. दोन गोष्टी मात्र नाहीत: दाराचं रबर आणि फ्रिजच्या मागचा पाण्याचा ट्रे. मला वाटतं, निम्मा वास तिथेच आहे.

फ्रिज भिंतीपासून ओढून मागे बघ. त्याआधी प्लग काढ, हात कोरडे ठेव. खाली काळा गोल कॉम्प्रेसर दिसेल आणि बहुतेक त्याच्यावर एक उथळ ट्रे. बर्फ वितळल्याचं पाणी नळीतून तिथे येतं आणि कॉम्प्रेसरच्या उबेने उडून जातं. पण ते नुसतं पाणी नसतं. सांडलेलं दूध, आमटीचा ओघळ, भाजीच्या ट्रेमधला कुजका रस असं काहीबाही त्याच वाटेने खाली येऊन साठतं. नऊ वर्षांत तो ट्रे एकदाही निघाला नसेल तर नाकाला पदर लावूनच काढ. त्यात पाण्यात वळवळणाऱ्या बारीक अळ्या दिसल्या तर ओरडू नकोस, त्या डासांच्या आहेत. डेंग्यू पसरवणाऱ्या एडीस डासाला असंच साचलेलं, न हललेलं पाणी लागतं आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दीड आठवडा पुरतो. पावसाळ्यात कूलरची टाकी रिकामी केली का, हे आपण एकमेकांना विचारतो. फ्रिजच्या ट्रेबद्दल कुणी विचारत नाही. तो आठवड्याला एकदा ओत, घास, वाळव आणि परत लाव. फ्रिजच्या आतल्या बाजूला, मागच्या भिंतीच्या पायथ्याशी पाणी जायचं छोटं भोक असेल तर त्यात कोमट पाणी सोड. तुंबलेलं असेल तर जाड सुताची दोरी किंवा स्ट्रॉ हळूच फिरव. तार घालू नकोस.

मग दाराचं रबर. त्याच्या घड्या बोटाने उलगडून बघ. काळी बुरशी दिसेल, मागच्या दिवाळीतल्या शेवेचे कणही दिसतील. कोमट साबणाच्या पाण्यात भिजवलेला जुना टूथब्रश घड्यांतून फिरव, स्वच्छ फडक्याने पूस आणि कोरडं कर. ओलं राहिलं की बुरशी पुन्हा येते. यानंतर दारात दहाची नोट धरून दार लाव आणि नोट ओढ. ती सहज सुटून आली तर त्या जागी रबर ढिलं पडलंय. तिथून बाहेरची दमट हवा आत शिरते, आत घाम सुटतो, बर्फ जास्त धरतो आणि बिलही वाढतं. मिस्त्री रबर बदलून देतो. त्यासाठी नवा फ्रिज घ्यायची काही गरज नाही.

आणि ते हँडलचं कापडी कव्हर! असेलच, आपल्याकडे कुणाकडे नसतं? माझ्या माहेरी फ्रिज पहिल्यांदा आला तेव्हा तो स्वयंपाकघरात नव्हे, बैठकीच्या खोलीत उभा केला होता. त्याच्यावर क्रोशाचं कव्हर, हँडलला झालर. ते हँडल कणकेच्या हाताने, तेलाच्या हाताने, शाळेतून आलेल्या हाताने धरलं जायचं आणि कव्हर धुतलं जायचं वर्षातून एकदा. तुझ्याकडे असेल तर काढून टाक. उघडं हँडल रोज पुसता येतं.

आतून पुसायचं ते एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा घालून. फिनेल नको, सुवासिक साबणही नको. त्यांचा वास लोण्या-दुधात उतरतो आणि मग चहालाही फिनेल लागतं. काचेच्या फळ्या गार असताना त्यांच्यावर गरम पाणी ओतू नकोस, तडकतील. बाहेर काढून त्या आधी जरा ओट्यावर राहू देत. कच्चं मटण, मासळी किंवा फुटलेलं अंडं सांडलं असेल तरच ब्लीचचं अगदी पातळ पाणी वापर, चार लिटरला एक मोठा चमचा, पण त्याआधी साबणाने धुऊन घे. ब्लीच कधीही व्हिनेगरमध्ये किंवा दुसऱ्या कुठल्या क्लीनरमध्ये मिसळू नकोस. त्यातून निघणारा वायू छातीत भरतो.

बर्फाच्या कप्प्यात अर्ध्या सेंटीमीटरहून जाड थर झाला की कूलिंगच्या गोल बटणाच्या मधलं लाल बटण दाबून वितळव. सकाळी, फ्रिज रिकामा असताना कर आणि दूध-दही तेवढं गार पाण्याच्या परातीत ठेव. सुरी लावायची नाही! हे मी दोनदा लिहीन, कारण दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी लावतंच. सुरी लावायची नाही. त्या पातळ पत्र्यातच गॅसच्या नळ्या असतात. पुष्कळ नव्या फ्रिजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. तो आपल्या सिलिंडरच्या गॅसचाच भाऊबंद, पेट घेणारा. तुझ्या फ्रिजमध्ये कोणता आहे ते मागच्या स्टिकरवर लिहिलेलं असेल. नळीला भोक पडलं तर फ्रिज जातोच, आणि शेजारी शेगडी पेटलेली असली तर भलतंच काही होऊ शकतं.

एवढं केलंस की रविवारचं काम झालं. पण बुधवारी पुन्हा वास येतो तो तू कमी पुसतेस म्हणून नाही. सोमवार-मंगळवारी आत जे जातं त्याचा तो वास आहे. आता त्या वाट्यांबद्दल बोलू.

फ्रिज अन्न ताजं करत नाही. तो फक्त बिघडण्याची चाल मंद करतो. ५ ते ६० अंशांच्या पट्ट्यात जंतू जोरात वाढतात, सोयीची ऊब मिळाली तर वीस मिनिटांत दुप्पट. ४ अंशांच्या खाली बहुतेकांची चाल अगदी मंदावते, पण सगळ्यांची नाही. लिस्टेरिया नावाचा जंतू गारठ्यातही हळूहळू वाढतच राहतो. तेव्हा 'फ्रिजमध्ये आहे' म्हणजे 'चांगलं आहे' असं नाही. 'कधीपासून आहे' हे विचारावं लागतं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे फ्रिजमध्ये जाण्याआधी ते ओट्यावर किती वेळ होतं. तुझ्याकडेही असंच होत असणार: रात्री साडेनऊला जेवणं होतात, भात गरम म्हणून पातेल्यातच ठेवतात, 'गरम ठेवलं तर फ्रिज बिघडतो' म्हणून. बारा वाजता कुणाला तरी आठवतं, किंवा आठवतच नाही, आणि सकाळी त्याचाच फोडणीचा भात होतो. मला स्वतःला फोडणीचा भात इतका आवडतो की त्यासाठी मी मुद्दाम जास्त भात लावते, म्हणून त्याच्या विरोधात मी नाही. पण भातात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूची बीजं असतात आणि शिजवूनही ती मरत नाहीत. भात कोमट राहिला की ती जागी होतात, वाढतात आणि विष सोडतात. ते विष फोडणीच्या आचेवर नष्ट होत नाही. सासूबाईंचं 'उकळून घेतलं की झालं' इथे चुकतं. उकळल्याने जंतू मरतील, पण त्यांनी आधीच करून ठेवलेलं विष राहतं. खाल्ल्यावर काही तासांतच उलट्या सुरू होतात त्या बऱ्याचदा अशा विषाने.

धाकट्याला त्यानेच झालं असं मात्र मी म्हणणार नाही. पाण्याने झालं असेल, शाळेजवळच्या गाडीवरच्या चटणीने झालं असेल. एकमेकांकडे बघणं थांबवा.

भाताचं असं कर. जेवण झालं की उरलेला भात परातीत पसर. पंधरा-वीस मिनिटांत वाफ जाते, मग डब्यात भरून आत टाक. वरण-आमटीचं पातेलं थंड पाण्याच्या घमेल्यात ठेवून ढवळ, अर्ध्या तासात कोमट होतं. एका मोठ्या पातेल्यापेक्षा दोन उथळ डबे लवकर गार होतात. शिजल्यापासून दोन तासांच्या आत अन्न फ्रिजमध्ये गेलं पाहिजे, आणि एप्रिल-मेमध्ये, खोलीतच ३२ अंशांच्या वर असतं तेव्हा, एका तासात. थोडं कोमट ठेवलं तर फ्रिज बिघडत नाही. वाफाळतं पातेलं मात्र ठेवू नये, शेजारचं दूध तापतं.

किती दिवस ठेवायचं? शिजवलेलं अन्न नीट गार फ्रिजमध्ये तीन-चार दिवस चालतं, असं सर्वसाधारणपणे सांगतात. माझ्या घरचा नियम दोन दिवसांचा आहे, कारण पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. ओल्या खोबऱ्याची चटणी दुसऱ्या दिवशी संपली पाहिजे. भुट्ट्याचा कीस दुधात शिजलेला असतो, त्याला चटणीचाच नियम लाव. सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीतून बारानंतर आणलेलं पार्सल सकाळी कुणी खाऊ नये. ते गाडीवर किती वेळ होतं, कुणाला माहीत? दोन दिवसांत जे खायचं ते आतून वाफा येईपर्यंत गरम करायचं, एकदाच, आणि लागेल तेवढंच.

कूलिंगच्या बटणावरचे १ ते ७ हे आकडे म्हणजे अंश नव्हेत. बहुतेक फ्रिजमध्ये आकडा मोठा तेवढा गारवा जास्त. खरं तापमान बघायचं तर फ्रिजचा साधा थर्मामीटर आण, पाण्याच्या ग्लासात बुडवून मधल्या फळीवर रात्रभर ठेव आणि सकाळी दार उघडताच वाच. ४ किंवा त्याहून थोडं कमी हवं. ७-८ दिसलं तर बटण पुढे सरकव, आणि आत हवा फिरायला जागा आहे का ते बघ. वाट्यांनी ठासून भरलेला फ्रिज कितीही चालला तरी गार होत नाही. वीज गेली तर दार उघडायचं नाही, बंद फ्रिज साधारण चार तास तग धरतो.

सुट्टीत घर बंद करून जाताना मी एक गंमत करते. वाटीभर पाण्याचा बर्फ करून त्यावर नाणं ठेवते. परत आल्यावर नाणं वरच असेल तर ठीक. तळाशी गेलं असेल तर मध्ये बर्फ वितळून पुन्हा गोठला, म्हणजे आतलं सगळं फेकायचं. एका लग्नाहून आठ दिवसांनी परतले तेव्हा नाणं तळाशी होतं. बर्फ अगदी टणक दिसत होता, नाण्याशिवाय कळलंही नसतं.

आता सासूबाई. त्यांना शिकवायला जाऊ नकोस, त्यांना विचारायला जा. त्यांच्या लहानपणी फ्रिज नव्हता, शिंकं होतं, फडताळ होतं. तेव्हा उरलेलं अन्न सकाळपर्यंत संपायचं, शेजारी जायचं किंवा गाईला. वाटी पाच दिवस राहायचा प्रश्नच नव्हता, आणि अन्न वाया जाऊ न देण्याची ती सवय फ्रिज आल्यावर तशीच राहिली. म्हणून वरची एक फळी त्यांच्या ताब्यात दे, 'आज संपवायचं' म्हणून. जे उरेल ते तिथेच, पारदर्शक झाकणाच्या डब्यात, वर चिकटपट्टीवर वार लिहिलेला. रोज सकाळी त्यांनीच ठरवायचं, काय खायचं, कशाचं थालीपीठ करायचं, काय टाकायचं. तू फक्त वाट्या बंद कर, उघडी वाटी फ्रिजमध्ये जायची नाही. त्या म्हणतील, शीतला सप्तमीला मालव्यात सगळे शिळंच खातात की! तेव्हा म्हण, हो, वर्षातून एकदा, त्या दिवशीचे टिकाऊ पदार्थ मुद्दाम निवडून. त्यानंतर उन्हाळा लागला की शिळं बंद, असंच जुन्या बायका सांगतात.

आणि टाकण्याचं दुःख त्यांना होतंच असेल तर त्यांना आपल्या इंदूरच्या देवगुराडियाच्या कचरा प्रकल्पाची गोष्ट सांग. सकाळी गाणं वाजवत येणाऱ्या कचरागाडीच्या ओल्या कप्प्यात आपण जे टाकतो, ते तिथल्या प्रकल्पात जातं. फेब्रुवारी २०२२मध्ये तो सुरू झाला. तेव्हा दिवसाला ५५० टन ओला कचरा पचवून सुमारे १७,००० किलो गॅस काढण्याची त्याची क्षमता होती, आणि त्या गॅसवर शहरातल्या बस चालतात. चार दिवसांच्या शिळ्या भाजीने नातवाचं पोट बिघडण्यापेक्षा सिटी बस चाललेली काय वाईट? माझ्या थोरल्या जाऊबाईंना हे पटलं होतं. त्यांना मी दुसरं काही पटवू शकले नव्हते.

मिस्टरांना सांग, नवा फ्रिज नंतर. रबर, ट्रे आणि वाट्या झाल्या की हाच फ्रिज अजून काही वर्षं जाईल. दोन दारांच्या फ्रिजमध्ये वाट्या दुप्पट मावतात, एवढंच. पण फ्रिजला हात लागून झिणझिण्या येत असतील तर मात्र थांबू नकोस. प्लग काढ आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घे. एक्स्टेन्शन बोर्डावर तो लावू नकोस, आणि भिंतीपासून वीतभर लांब ठेव. कधी भंगारात दिलासच तर आधी दार काढून दे. लपाछपी खेळताना मुलं आत शिरून गुदमरतात.

राहता राहिली साय. पंधरा दिवस खालच्या फळीवर उघड्या पातेल्यात साठवलेली साय कडवट होते आणि फ्रिजमधला प्रत्येक वास ओढून घेते. बुधवारच्या भपकाऱ्यात तिचाही वाटा आहे. रोजची साय झाकणाच्या डब्यात घालून बर्फाच्या कप्प्यात टाकत जा. आठ-दहा दिवसांची झाली की बाहेर काढून सुटू दे, चमचाभर दही लावून विरजव, दुसऱ्या दिवशी घुसळ. लोणी कढवायचं काम सासूबाईंकडेच ठेव, त्यांच्या हातचं तूप रवाळ होत असणार. आणि बेरीत साखर घालून ती कुणाच्या वाट्याला येते, धाकट्याच्या की त्याच्या बाबांच्या, ते मला पुढच्या पत्रात कळव.